थोमाच्या शेजारची खुर्ची

१

साळव्यांच्या जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या होत्या आणि कोणी कुठं बसायचं ते केव्हाच ठरून गेलं होतं. देवदत्त टीव्हीसमोर, किचनकडे पाठ करून. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये आल्यापासून संध्याकाळच्या बातम्यांमधलं ट्रॅफिक बघितल्याशिवाय या माणसाच्या घशाखाली घास उतरत नसे. घरी पोचलेल्या माणसाला ट्रॅफिकशी काय देणंघेणं, असं विचारून विचारून अहिल्या, म्हणजे त्याची बायको, थकली होती.

तर २००५ सालच्या मार्चमध्ये एका संध्याकाळी देवदत्त ऑफिसातून आला, हात धुतले, आणि सरळ भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसला.

"डॅड, दॅट्स माय चेअर," अनया म्हणाली. बारा वर्षांची पोर, मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये.

"आज बस ना गं तिकडं."

पोरगी खांदे उडवून बसली. देवदत्तनं खुर्ची मागं सरकवली. आणखी सरकवली. पाठीची लाकडी पट्टी भिंतीवर कर्रकन घासली, नव्या रंगावर ओरखडा उठला, तरी गडी थांबेना. टेबल एवढं लांब गेलं की आमटीचा चमचा तोंडाशी नेताना मांडीवर सांडायला लागला. टीव्ही तिथून दिसतच नव्हता आणि त्यानं तो मागितलाही नाही.

"पाठ दुखतेय का?" अहिल्यानं विचारलं.

"नाही. का?"

अहिल्या फार्मसिस्ट होती. डॉक्टरनं लिहून दिलेल्या कागदावर विश्वास न ठेवण्याचाच तिला पगार मिळायचा. रंग भरायला माणूस बोलवावा लागणार, एवढंच ती बोलली, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग ती बघत गेली, आणि बघेल ते दिसत गेलं. पेट्रोल भरताना हा गाडीला पाठ चिकटवून उभा. ग्रोसरीच्या लाइनीत कडेला, शेल्फला खेटून, मागच्याला म्हणतो, "यू गो अहेड." मागचा खूश, हा पुन्हा शेवटी. रविवारी उपासनेला तिसऱ्या रांगेतला माणूस शेवटच्या बाकावर. आणि केस! दर तीन आठवड्यांनी न चुकता केस कापणारा देवदत्त, त्याचे केस कॉलरवर उतरले होते. अहिल्यानं टोकलं, तर म्हणाला, "तो न्हावी मागं उभा राहतो यार," आणि लगेच जीभ चावली.

न्हावी मागं नाही तर काय डोक्यावर उभा राहणार?

२

इथं त्या खुर्च्यांचं सांगायला हवं, जेवणाच्या नव्हे, दुसऱ्या.

साळवे मूळचे अहमदनगरचे ख्रिस्ती. ह्यूस्टनच्या आसपास अशी पंधरा-वीस मराठी घरं होती. एका अमेरिकन चर्चचा हॉल भाड्यानं घेऊन त्यांची उपासना चाले. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी ते प्रेषितांची साक्ष करत. गावाकडची फार जुनी रीत. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडायच्या, एकेका प्रेषिताच्या नावानं एकेक पुरुष बसवायचा. प्रत्येकानं उठून आपल्या प्रेषिताचं आयुष्य सांगायचं, 'मी' म्हणून. मी पेत्र, मी मासे धरायचो. मी मत्तय, मी जकातीच्या नाक्यावर बसायचो. पण मरणापाशी आलं की थांबायचं. मरण शेजारचा सांगायचा. पेत्राला उलटं टांगलं ते आंद्रियानं सांगायचं, आंद्रियाच्या तिरक्या क्रुसाचं याकोबानं, असं शेवटपर्यंत. पोरंसोरं श्वास रोखून ऐकत, आणि बर्थलमयाच्या सोललेल्या कातड्याची गोष्ट आली की बायका पदर तोंडाशी धरत.

शेवटची खुर्ची थोमाची. प्रभू पुन्हा उठला तेव्हा हा गैरहजर होता, उशिरा आला, म्हणून शेवटी. इथली पोरं त्याला 'इंडियन स्टँडर्ड टाइमवाला' म्हणत. पण हाच तो, जो आपल्याकडे आला. मद्रासजवळच्या टेकडीवर गुडघे टेकून प्रार्थना करत असताना पाठीत भाला बसून मेला, असं परंपरेनं सांगतात.

थोमाच्या पलीकडे आणखी एक खुर्ची असे. तिच्यावर इतकी वर्षं प्रल्हाद काका बसत. वयानं सगळ्यांत मोठे. स्वतःची साक्ष काहीच देत नसत, थोमाचं मरण तेवढं सांगत आणि बसत. ते दोन वर्षांपूर्वी नगरला परत गेले. खुर्ची रिकामी राहिली, आणि रिकामी खुर्ची लोकांना बघवत नाही. कोणीतरी म्हणालं, ही यहूदाची, धोका देणाऱ्याची. सगळ्यांना पटलं. कोणी हौसेनं तिच्यावर काळं कापड घातलं. किती मीनिंगफुल, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग थोमाचं मरण कोण सांगणार? त्यात काय, त्याचं तोच सांगेल! गेल्या वर्षी राजेश पाटोळेनं सांगितलं. फार सुंदर सांगितलं.

राजेश ईस्टरनंतर थोड्याच दिवसांनी वारला. बॅकयार्डात टोमॅटोची रोपं लावत होता, गुडघ्यांवर बसून. छातीतली मोठी रक्तवाहिनी फाटली म्हणे. वय त्रेचाळीस.

यंदा थोमा देवदत्त होता.

३

पार्ट पाठ करायला तो गॅरेजमध्ये जाई. गाड्या बाहेर, दार बंद, आत जुना फ्रीझर घरघरतोय, आणि हा भिंतीला पाठ लावून बोलतोय. अहिल्या शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालताना ऐके. आवाज रोजचाच. पण मराठी! पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आणि नंतर टेक्सासात झिजून गुळगुळीत झालेली याची मराठी, ती अशी भरड कशी झाली?

"...माती गरम होती. मी गुडघे टेकले. पाठीवर ऊन होतं. मग ऊन गेलं. ढग नव्हता. मागं कोणीतरी उभं राहिलं होतं..."

आणि मग 'टक्'.

लाकडी दांडा दगडावर टेकवावा तसा आवाज. अहिल्यानं हातातला टॉवेल खाली ठेवला. गॅरेजात काठी नव्हती. तिनं दार उघडलं. देवदत्त भिंतीशी उभा, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला.

"काय पडलं?"

"कुठं काय?"

ठीक आहे, फ्रीझरचा आवाज असेल, तिनं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी तो आवाज बेडरूममध्ये आला. देवदत्त कपाटापाशी शर्ट शोधत होता, आणि तो थांबला की त्याच्या मागोमाग, अर्ध्या क्षणानं, टक्. आता या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. पाय आपटला तरी आवाज होत नाही. अहिल्यानं टाच आपटून पाहिली, अनयाचा स्केल पाडून पाहिला, अगदी झाडूचा दांडा घेऊन ठोकून पाहिलं. ढप्प. नुसतं ढप्प.

मग तिनं शहाण्या बायका करतात ते केलं. याला ऑफिसात काढून टाकणार आहेत आणि हा सांगत नाहीये, असं ठरवून टाकलं. टेन्शननं माणूस भिंतींना चिकटतो. टेन्शननं बायकोला आवाज ऐकू येतात. झालं की!

४

पण नोकरी शाबूत होती. फोन केला तर उलट कळलं, साळवे हल्ली ऑफिसातून लवकर निघतात.

लवकर निघतात आणि घरी उशिरा येतात! अहिल्याच्या अंगाची लाही झाली. दोन दिवसांत तिनं शोध लावला. त्याची गाडी सुवर्णाच्या ड्राइव्हवेत उभी होती. सुवर्णा, राजेशची बायको. काळीसावळी, देखणी, आणि आता एकटी. ओकच्या झाडांचे पिवळे परागकण गाडीवर साचले होते, म्हणजे चांगला तासभर तरी झाला असणार. अहिल्यानं बेल वाजवली ती भांडायच्या तयारीनंच.

सुवर्णानं दार उघडलं. "ये. मला वाटलंच होतं तू येशील."

देवदत्त बॅकयार्डात होता. कुंपणाला पाठ टेकून तो एका जागेकडे बघत होता. तिथली रोपं वाळून काटक्या झाल्या होत्या.

"रोज येतो," सुवर्णा म्हणाली. "माझ्याशी दोन शब्द बोलत नाही. नुसता बघतो. मी कॉफी देते, ती पण गार होते." मग ती अहिल्याकडे वळली. "तुझ्याकडे भिंतीवर ओरखडे आहेत का गं?"

अहिल्यानं मान हलवली.

"माझ्याकडे प्रत्येक खोलीत आहेत. मी म्हणायची, राजेश, पाठ दुखतेय तर डॉक्टरकडे जा. तो म्हणायचा दुखत नाही. साक्ष झाली आणि सगळं थांबलं. एकदम. हसायला लागला, केस कापून आला. मला किती बरं वाटलं! त्या दिवशी बाहेर गेला तर म्हटलं, चला, आता मोकळा बसायला लागला माणूस." तिनं वाळलेल्या रोपांकडे पाहिलं. "मोकळा बसला होता म्हणूनच ना."

भांडण अहिल्याच्या घशातच विरलं. आपण या बाईवर संशय घेतला याची तिला मनापासून लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती आली, खरीखुरी.

५

घरी येऊन तिनं नगरला सासूबाईंना फोन लावला. तिकडे सकाळ. इकडचं तिकडचं बोलून तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"रिकामी?" सासूबाई म्हणाल्या. "ती गं कशी रिकामी? ती सांगणाऱ्याची खुर्ची."

"इथं ती यहूदाची म्हणतात, आई."

"यहूदाला कोण बोलावतंय साक्षीला? डोकी फिरलीत का तुमची? मग थोमाचं कोण सांगतं?"

"थोमाच."

मग म्हातारी हळू आवाजात म्हणाली, "अगं बाई. स्वतःचं मरण स्वतःच्या तोंडानं?"

"का, काय होतं?"

"काय होतं ते मला काय माहीत? कधी कोणी केलंच नाही. सांगणारा म्हातारा बसवायचा, ज्याचं सगळं झालंय असा. देवदत्ताला आधी उठव तिथून."

साक्षीचं सगळं कुमार काका बघत. रिटायर्ड सर्जन, मंडळीत शब्दाला मान. अहिल्या त्यांच्याकडे गेली. तिनं ओरखडे सांगितले नाहीत, ती शहाणी होती. नुसतं म्हणाली, काका, रीत चुकतेय, त्या खुर्चीवर तुम्ही बसा.

काका हसले. "यहूदाच्या खुर्चीवर? मी? अगं, माझ्या हातून गेलेले पेशंट काय म्हणतील!" मग जरा गंभीर झाले. "राजेशचं मनात घेऊ नकोस. त्याचं बीपी हाय होतं, औषध घेत नव्हता. आपण ख्रिस्ती माणसं, अहिल्या. असल्या गोष्टी आपण मानत नाही."

"मानत नाही तर बसा ना."

काकांनी टेबलावरचा चष्मा उचलला, पुसला, परत ठेवला. बसतो म्हणाले नाहीत. नंतर तिनं आणखी तिघांना विचारलं. सगळे हसले, पण बसायला कोणी तयार होईना.

राहिला देवदत्त. बुधवारी त्याला तिनं गॅरेजातच गाठलं.

"उद्या जायचं नाही. ताप आलाय म्हणून सांगते मी."

"मग निमिषला बसवतील." निमिष म्हणजे मंडळीतला सगळ्यांत नवा मुलगा, घरी दोन महिन्यांचं बाळ. "कोणीतरी बसणारच त्या खुर्चीत. मी गेलो नाही तर तो."

"म्हणजे तुला माहीत आहे."

त्यानं भिंतीवर डोकं टेकलं. "मागं कोणीतरी असतं, अहिल्या. काही करत नाही. थांबलंय."

"कशासाठी?"

"मी सांगावं म्हणून." तो हसल्यासारखा झाला. "पार्ट इथं म्हटला की जवळ येतं. उद्या सगळ्यांसमोर म्हणेन. मग थांबायचं कारण उरणार नाही."

अहिल्या ढसाढसा रडली. सोळा वर्षं ज्याच्या ट्रॅफिकच्या बातम्यांना तिनं नावं ठेवली होती त्या माणसाला तिनं गच्च मिठी मारली. हात मागं नेऊन, त्याच्या पाठीच्या आणि भिंतीच्या मधे खुपसून. तिच्या हाताच्या पालथ्या बाजूला भिंत लागायला हवी होती. लागलं ते ऊबदार होतं.

६

गुरुवारी हॉल भरला होता. मेण घासलेल्या फरशीवर ट्यूबलाइटी चमकत होत्या, मागं कॉफीचं मोठं भांडं खदखदत होतं. अकरा खुर्च्यांवर अकरा पुरुष, खाकी पँटी, इस्त्रीचे शर्ट. शेवटी देवदत्त. इथं त्याच्या मागं भिंत नव्हती. आणि त्याच्या पलीकडे काळ्या कापडाची खुर्ची.

पेत्र झाला, आंद्रिया झाला. याकोबाला हेरोदाच्या तलवारीनं मारलं ते योहानानं सांगितलं. निमिष बर्थलमय होता. त्याच्या शेजाऱ्यानं कातड्याचं सांगितलं तेव्हा पहिल्या रांगेतलं कोणाचंसं पोर रडायला लागलं. सगळं कसं नीट चाललं होतं. मरण सांगून झालं की प्रत्येक माणूस खुर्चीत जरा सैल बसे.

देवदत्त उठला. उशिरा आल्याचं बोलला, प्रभूच्या जखमेत बोट घातल्याचं बोलला, भारताकडे आणणाऱ्या बोटीचं बोलला. मग तो गुडघ्यांवर बसला. असं कोणी बसत नसे. गेल्या वर्षी राजेश तेवढा बसला होता.

"माती गरम होती," तो म्हणाला. "मी गुडघे टेकले..."

टक्.

कॉफीच्या भांड्याकडे कोणी वळून पाहिलं, कोणी पाहिलं नाही. अहिल्या केव्हा उठली ते तिलाही कळलं नाही. बायका या साक्षीत उभ्या राहत नाहीत. ती मधल्या वाटेनं चालत गेली, काळं कापड ओढून फरशीवर टाकलं, आणि त्या खुर्चीत बसली.

"अहिल्या!" कुमार काका ओरडले.

"हा थोमा," अहिल्या म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "हा माझ्या शेजारचा. याचं मरण मी सांगते. तू गप्प बस, देवदत्त, एक शब्द बोलू नकोस."

तो गप्प झाला. तिनं सांगायला सुरुवात केली. टेकडी सांगितली, ऊन सांगितलं, ढग नसताना पडलेली सावली सांगितली. सांगताना ती देवदत्तच्या पाठीकडे बघत होती, आणि तिथून तिची नजर खाली फरशीवर गेली.

त्याच्या टाचांच्या मागं दोन पावलं होती. अनवाणी. घोट्यापर्यंत तांबडी धूळ, भेगा, एका अंगठ्याचं नख गेलेलं. पावलांशेजारी दांड्याचं टोक. त्याच्यावर काय होतं ते बघायला मान वर करावी लागली असती. अहिल्यानं मान वर केली नाही. उठून पळावं असं तिला अंगातल्या प्रत्येक हाडातून वाटत होतं, तरी ती बोलत राहिली.

"आणि मागून भाला आला," ती म्हणाली, "आणि थोमा मेला. संपलं. त्याचं सगळं सांगून झालं."

पावलं हलली. आधी एक, मग दुसरं. देवदत्तच्या टाचांपासून ती दूर झाली, आणि सावकाश, रस्ता विचारून झालेल्या वाटसरूसारखी, तिच्या खुर्चीच्या बाजूला वळली. मग तिला दिसेनाशी झाली.

कोणीतरी आमेन म्हणालं. सगळ्यांनी म्हटलं. काका तोंड फिरवून उभे होते, पण बायका रडत होत्या, सुवर्णा सगळ्यांत जास्त. देवदत्त उठून उभा राहिला. त्यानं मान इकडे तिकडे फिरवली, खांदे हलवले, आणि हॉलच्या मधोमध, चारी बाजूंनी माणसं असताना, तो हसत उभा राहिला. निमिषनं मागून येऊन पाठीवर थाप मारली तर दचकलासुद्धा नाही. अहिल्यानं ते पाहिलं आणि तिचं काळीज भरून आलं. आयुष्यात इतका आनंद तिला अनया झाली तेव्हाच झाला होता.

ती अजून त्याच खुर्चीत होती. उठावंसं वाटत होतं. पलीकडच्या बाजूला, जिथं सांगणाऱ्याचं सांगायला कोणी बसलं असतं, तिथं खुर्ची नव्हती.

देवदत्त कागदी कपात कॉफी घेऊन गर्दीतून तिच्याकडे आला. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. दोन पावलांवर तो थांबला. तिच्या डोक्यावरून त्यानं कोणाकडे तरी पाहिलं, आणि मोठ्या माणसापुढं करावी तशी मान किंचित लववली.

"अहिल्या," तो हसून म्हणाला, "हे कोण उभे आहेत तुझ्या मागं? नवीन आलेत का आपल्यात? ओळख तरी करून दे."

अहिल्यानं मागं वळून पाहिलं नाही. ती त्याच्याकडेच बघत राहिली, पोटभर.

"तू कॉफी पी आधी," ती म्हणाली. "गार होतेय."